सुट्टी सोमवारी, ईद शुक्रवारी

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, दुपारचा एक. मुंबईतल्या आमच्या शाखेत डबे उघडायची एक ठरलेली पद्धत आहे. फायली एका बाजूला सरकवायच्या, कालचा पेपर पसरायचा आणि ज्याच्या डब्याला वास जास्त त्याच्याकडे सगळ्यांनी बघायचं. त्या दिवशी वास आपांच्या डब्याचा होता. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना आपाच म्हणतात. वरच्या डबीचं झाकण निघालं आणि तूप, लवंग, वेलची असा एकत्र भपकारा आला. पिवळाधमक जर्दा, म्हणजे गोड भात, त्यात खोबऱ्याचे पातळ काप आणि फुगलेले मनुके. मी म्हटलं, "आज काय विशेष?" आपा म्हणाल्या, "ईद आहे ना." आणि मी, कारकुनी जिभेची, पटकन बोलून गेले, "ईद सोमवारी ना आपा? मीच तर कागद लावला बोर्डावर." आपांनी माझ्या डब्याच्या झाकणावर दोन चमचे जर्दा वाढला आणि म्हणाल्या, "सुट्टी सोमवारी आहे ताई. ईद आजच आहे."

स्वर अगदी साधा होता. गाडी आज दोन नंबरवर येणार आहे, असं सांगावं तसा.

जर्दा छान झाला होता. तांदळाचा दाणा न दाणा सुटा. पण पुढचे चार दिवस मला ते वाक्य दाताखाली खडा आल्यासारखं लागत राहिलं. कारण तो कागद खरंच मी लावला होता. आस्थापना शाखेत असल्यामुळे असले सगळे कागद आधी माझ्या हातात येतात. आवक नोंद, झेरॉक्स, साहेबांची सही आणि मग चार टाचण्या मारून फलकावर. कागदात म्हटलं होतं ते एवढंच: शनिवारी, ६ तारखेला अनंत चतुर्दशी आहे. मुस्लिम समाजाने ईद-ए-मिलादची, म्हणजे पैगंबर जयंतीची, मिरवणूक सोमवारी, ८ सप्टेंबरला काढायचं ठरवलं आहे. म्हणून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत ५ तारखेची सुट्टी ८ तारखेला. बाकीच्या महाराष्ट्रात ५ तारीखच कायम. कागद लावून मी वळले तर मागे पाच-सहा जण उभेच. "बरं झालं, विसर्जनाचा शीण काढायला सोमवार मिळाला," असं कुणीतरी म्हणालं. आपल्याला आवडत नसलेलं वाक्य नेहमी दुसऱ्याच्या तोंडी घालायची सवय असते, म्हणून कबूल करते. ते मीच म्हणाले होते. तेव्हा आपा त्या घोळक्यात होत्या की नव्हत्या, ते काही केल्या आठवत नाही.

आपा मुंब्र्याला राहतात. मुंब्रा ठाणे जिल्ह्यात. म्हणजे शुक्रवारी त्यांच्या मुलांच्या शाळेला सुट्टी, घरात ईद, गल्लीत दिव्यांच्या माळा आणि हिरव्या पताका, आणि आपा ७ वाजून काही मिनिटांच्या स्लो लोकलमध्ये. सोमवारी आपांना सुट्टी, तर मुलं शाळेत. मी कल्याणची, माझं गणितही तसंच. पण माझ्या घरी त्या दिवशी सण नव्हता, त्यामुळे मला ते गणित सोडवावंच लागलं नव्हतं. रजा का नाही टाकली, असं मी विचारलं. वर्षाला ८ किरकोळ रजा. त्यातल्या काही रमजानात गेल्या, एक मुलाच्या तापात गेली, उरलेली डिसेंबरात गावी खेडला लग्न आहे तिकडे लागेल. "आणि पहाटे उठून सगळं करून आलेय की मी. फातेहा झाली, डबा भरला, निघाले," आपा म्हणाल्या. तक्रार नव्हती. मी ऐकू पाहत होते, पण नव्हती.

सुट्टीच्या अधिसूचनेची पहिली ओळ मला पाठ आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं की सणांना मान्यता देणारा हा कायदा काहीतरी भारदस्त असणार, त्यात धर्म, समाज, सलोखा वगैरे शब्द असणार. एकदा उघडून बघितला. तो हुंड्यांचा आणि चेकचा कायदा आहे. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी हुंडीची मुदत भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं धरावं, एवढंच त्या कलमाला सणाशी कर्तव्य. रामनवमी, गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा, मोहरम, सगळे त्या हुंडीच्या आधाराने यादीत बसलेले. बकरी ईदपुढे कंसात 'ईद-उल-झुआ' आणि प्रत्येक सणापुढे शके आणि भारतीय सौर दिनांकाचा रकाना, जो मी आजवर कुणालाही वाचताना पाहिलेला नाही. मला हे आधी हास्यास्पद वाटलं होतं. आता वाटतं, बरंच आहे. सरकारला सण कळावा अशी अपेक्षा कशाला? त्या दिवशी वसुलीला कुणी दारात येणार नाही, एवढं त्याने बघावं. ईद-ए-मिलाद तर केंद्राच्या यादीत फार उशिरा आली. १९९०च्या १५ ऑगस्टला विश्वनाथ प्रताप सिंगांनी लाल किल्ल्यावरून ती सुट्टी जाहीर केली. मी तेव्हा शाळेत होते आणि मला त्यातली 'सुट्टी' तेवढी ऐकू आली होती.

कारण सण म्हणावा तर आमच्या गावात मोहरम कुणाच्या यादीची वाट बघत नव्हता.

गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. मुसलमानांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण पीर बसायचे ते साऱ्या गावाचे. पिराच्या धातूच्या पंज्यांना रंगीत कापडं गुंडाळलेली, मोरचेल, उदाचा धूर इतका की डोळे चुरचुरत. समोर आलाव्यात, म्हणजे जाळाच्या खड्ड्यात, लाकडं धडधडत असायची आणि बापये त्याच्याभोवती नाचत. मी सहा वर्षांची असताना मला गोवर आला तो फार वाईट आला. आजीने पिराला नवस बोलला आणि त्या वर्षी मला फकीर केलं. हिरवं झबलं, गळ्यात लाल-पिवळा नाडा, हातात झोळी. पाच घरं मागायची. चोंगे मिळायचे, नक्षीच्या पाटावर थापलेले, गूळ आणि तूप लावलेले. ती नक्षी जिभेला लागते असं मला तेव्हा वाटायचं, अजूनही वाटतं. ही गोष्ट मी ऑफिसात, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत अनेकदा सांगितली आहे. 'आमच्याकडे असं काही नव्हतं हो' या चालीवर. पण एक भाग मी नेहमी गाळत आले. नवस पिराला बोलणारी माझी आजी मुलाण्याच्या घरचं पाणी पीत नसे. मला झोळी घेऊन त्या घरी पाठवलं तेव्हा चोंगा घे, पाणी मागू नकोस, असं दारातच बजावलं होतं. मुलाणीण काकूंनी पाणी पुढे केलंही नाही. त्यांनाही ठाऊक असणार. गोडाधोडाची ही देवघेव कुणाच्या मर्यादेवर उभी होती, हे मला तेव्हा कळायचं वय नव्हतं. आणि आपांच्या डब्यातला जर्दा खाताना मला ते आठवलं, याचा मला जरा रागच आला.

आमच्याकडचे लोक अशा गोष्टी सांगतात तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातलं कुरुंदवाड ठरलेलं असतं. तिथल्या मशिदींत गणपती बसतो, मोहरम आणि गणपती एकत्र आले की पीर आणि गणपती एकाच छपराखाली. २०१८ ते २०२० सलग तीन वर्षं तसं झालं. कडेगावचे मोहरमचे ताबूत बघायला तर मी स्वतः वडिलांच्या खांद्यावर बसून गेले आहे. मान वर करून करून दुखली होती. हे सगळं खरं आहे. पण त्या ताबुतांच्या खांद्याला खांदा देणारा गाव आणि फलकावर टाचलेला माझा कागद, यांच्यामध्ये मुंबई नावाचं काहीतरी आहे. इथे रस्ता एकच आणि बाहेर पडणारे लाखो.

हे सण असे एकमेकांना खेटून का येतात, हे मला पंचांगवाल्या मामांनी एकदा सुपारी कातरत समजावलं होतं. चंद्र एकच. त्यांचाही महिना चंद्राचा, आपलाही चंद्राचा. फरक इतकाच की आपण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून वर्ष ऋतूंशी पुन्हा जुळवून घेतो, ते घालत नाहीत. त्यामुळे त्यांचा महिना आपल्या एखाद्या महिन्याशी दोन-तीन वर्षं जोडीने चालतो आणि मग अधिक मास आला की जोडी सुटते. रबीउल अव्वलची बारावी आणि भाद्रपदातली चतुर्दशी, दोन्ही पौर्णिमेच्या अलीकडच्या. जोडी जमली की गाठ पडणारच. २०२३ला तर दोन्ही एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला; तेव्हा सुट्टी २९ला गेली. २०२४ला १६ आणि १७; मुंबईत सुट्टी १८ला गेली. २०२५ला ५ आणि ६, सुट्टी ८ला. तिकडे आषाढीचंही तेच. २०२२ आणि २०२३ ही दोन्ही वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी. मग २०२४ आणि २०२५ला आषाढीच्याच दिवशी मोहरम. २०२५चा तो दिवस रविवारी आला आणि 'सोमवारी सुट्टी आहे का हो' असे इतके फोन मला आले की शेवटी मी मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला.

मामांच्या हिशेबाने याआधीची भाद्रपदाची जोडी ३३ वर्षांमागची. म्हणजे १९९२च्या सप्टेंबरातही ईद-ए-मिलाद आणि विसर्जन असेच लगोलग येऊन गेले.

त्यानंतर तीन महिन्यांनी डिसेंबर आला.

२०२३ला पंढरपुरातल्या मुस्लिम समाजाने एकादशीच्या दिवशी कुर्बानी द्यायची नाही असं ठरवलं, तेव्हा ती बातमी मी चार ग्रुपवर पाठवली होती. खाली हात जोडलेले. कुर्बानी तीन दिवसांत कधीही देता येते, त्यामुळे धर्माला बाधा नाही. पण ठरवणं हे ठरवणं असतं, आणि मला खरोखर भरून आलं होतं. आता मागे वळून बघते तर आठवतं, तो संदेश मी आपांनाही पाठवला होता. त्यांनी उत्तरात अंगठ्याचं चिन्ह पाठवलं होतं, बस. त्या अंगठ्याकडे मी तेव्हा बघितलंही नव्हतं. कौतुक करणारा मोठा असतो. शाळेत बाई 'शहाणी मुलगी' म्हणायच्या तेव्हा मी बाकाच्या आणखी कडेला सरकत असे. शहाणपणाचं कौतुक झालं की पुढच्या वेळी पुन्हा सरकायचं कुणी, हे ठरूनच जातं.

आता कुणी म्हणेल, मिरवणूक पुढे ढकला असं सरकारने सांगितलं नव्हतं. खरं आहे. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसवरून ती मिरवणूक निघते, आणि तारीख बदलायचं तिथल्याच लोकांनी ठरवलं, सुट्टी सोमवारी द्या अशी मागणीही त्यांचीच. सरकारने ती मानली, लगेच मानली, तीन वर्षं मानली. एरवी साधी बदलीची फाइल सहा महिने हलत नाही, तिथे ही तत्परता मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आणि ज्याने विसर्जनानंतरच्या सकाळी कुठल्याही चौकात बंदोबस्तावरच्या पोलीसबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेलं पाहिलंय, तो दोन मिरवणुका लागोपाठ काढा असं म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. तरीही २०२५ला पैगंबरांच्या जन्माचं १५०० वं वर्ष धरलं जात होतं. हिजरी १४४७, आणि हिजरतीआधीची, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले त्याआधीची, ५३. असं वर्ष कुणाच्या आयुष्यात दुसऱ्यांदा येत नाही. त्या वर्षीसुद्धा 'आम्ही सोमवारी काढतो' असं आधी त्यांनीच म्हणावं लागतं. न म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे कुणी बोलून दाखवत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

खरं तर सुट्टी एका दिवशी आणि सण दुसऱ्या दिवशी, हे आपल्याला कळायला हवं. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असते आणि फाल्गुन वद्य तृतीयेला आमच्या चौकात पुन्हा ढोल वाजतात. तारखेवाले आणि तिथीवाले एकमेकांकडे बघत नाहीत. त्यावरून किती रक्त आटवलंय आपण! मग आपांना तारीख आणि तिथी एकमेकींपासून इतक्या सहज सोडवता आली, याचं मला नवल वाटायला नको होतं. वाटलं मात्र.

माझा भाऊ न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो. तिथल्या सरकारी शाळांना दोन्ही ईदच्या सुट्ट्या २०१५ला मिळाल्या. दिवाळीची मिळायला २०२४ उजाडलं. मधली वर्षं वहिनी फोनवर चिडायची. "त्यांना मिळाली, आपल्याला का नाही?" भाचीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरी ठेवायचं तर शाळेला चिठ्ठी द्यावी लागे, आणि त्या चिठ्ठीत दिवाळी म्हणजे काय हे दोन ओळींत लिहावं लागे. वहिनी एम.ए. मराठी, तिला त्या दोन ओळी दरवर्षी जड जायच्या. १ नोव्हेंबर २०२४ला शहरातल्या शाळा बंद राहिल्या, तेव्हा तिने मला पहाटे उठवून शाळेच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. दिवाळी, छापील अक्षरांत. तिला रडू आलं होतं. मी विचारलं, "पण फराळ तर तू दरवर्षी करतेसच की." ती म्हणाली, "फराळाचं नाही गं. आता समजावून सांगायला नको." त्या वेळी मला ते वाक्य जरा नाटकी वाटलं होतं.

रविवारी रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. लालबागचा राजा शनिवारी निघालेला, तो भरती-ओहोटीच्या घोळात रविवारी रात्री नऊच्या सुमाराला विसर्जित झाला. टीव्हीवर ते बघून आम्ही गच्चीवर गेलो. ढगांतून चंद्र दिसायचा आणि जायचा. दहानंतर कडा काळवंडायला लागली. शेजारच्या काकू ग्रहण लागायच्या आत जेवून, तुळशीपत्रं पिण्याच्या पाण्यात टाकून आल्या होत्या. माझ्या मनात आलं, मुंब्र्याला आपाही गच्चीवर असतील का? ग्रहणाची त्यांची नमाज असते, असं त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. फोन करावासा वाटला, पण केला नाही. तांबूस झालेला चंद्र बघत लोक मोबाइल वर धरून उभे होते, आणि खालच्या रस्त्यावरून विसर्जन आटोपून आलेला एक रिकामा टेम्पो मागची फळी खडखडवत गेला.

सोमवारी मी गणपतीच्या मखराचे पडदे, चौरंगावरचं वस्त्र, पाहुण्यांच्या चादरी, सगळं धुवायला काढलं. दुपारी बातम्यांत भायखळ्याची मिरवणूक दाखवली. हिरवे झेंडे, सजवलेले ट्रक, सरबत वाटणारी पोरं. रस्त्याच्या कडेला विसर्जनातल्या गुलालाचे डाग अजून तसेच. मी आपांना त्या गर्दीत शोधलं. मुंब्र्याहून त्या कशाला येतील भायखळ्याला, हे कळत असूनही.

आपांची वरची डबी शुक्रवारी माझ्याकडेच राहिली होती. रिकामी कशी परत करायची? खिरापत होती घरात, पण ती देवापुढे ठेवलेली. द्यावी की न द्यावी, त्यांना चालेल की न चालेल, विचारावं तर कसं, या घोळात अर्धा तास गेला आणि शेवटी मी रव्याचे लाडू वळले. लाडू वळताना आजी आठवली. पाणी मागू नकोस म्हणणारी.

मंगळवारी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कशी झाली ईद?"

"कोणती? शुक्रवारची की सोमवारची?" म्हणाल्या, आणि हसल्या. मग झाकण उघडून बघितलं. "लाडू? मला वाटलं खिरापत आणाल. मागच्या साली दिली होती ना, ती खसखशीची."

दिली होती? मला आठवेना. दिलीच असणार.

"सोमवारी काय केलंत मग?" मी विचारलं.

"काय करणार? मुलं शाळेत, हे कामाला. चादरी धुतल्या सगळ्या."

"मीपण."

"वाळल्या तुमच्या?"

"कुठल्या! अजून दमटच आहेत."

"आमच्यापण," आपा म्हणाल्या आणि एक लाडू फोडून अर्धा माझ्या पुढे केला.

फलकावरचा कागद काढायचा राहिला होता. दुपारी काढला. एक टाचणी निघेना, तेवढा कोपरा फाटून तिथेच राहिला.